क्लारिनाची कूड

अर्जात लिहिलं होतं, मला एकांत हवाय.
तो मिळाला: कुडतरीला, पहिल्या मजल्यावर,
सहा आठवडे, दोन टॉवेल, एक टेबलफॅन
आणि लॅमिनेट केलेली नियमावली.
चपला बाहेर. मासे तळताना खिडकी उघडी.
भिंतीला खिळे ठोकू नयेत.
खिळे होतेच पण, आधीचे,
रंगाच्या तीन थरांखाली, पुळ्यांसारखे.

घर बार्रेतांचं. ते सगळे कॅनडात,
मॅनेजरबाई सांगते,
कॅनडा म्हणजे जणू मागची पडवी.
त्यांच्या जेवणघरात आता कुंभाराचं चाक,
देवाच्या खोलीत प्रिंटर.
मी पानं काढायला जाते
आणि का कोण जाणे, ओढणी सारखी करते.

फ्रिजमध्ये आमच्या नावांच्या पट्ट्या:
मेमचा, जिजो, मी.
दमटपणानं चार दिवसांत सुटतात,
मग दही कुणाचंही होतं.

सतराव्या दिवसापर्यंत माझ्या कादंबरीतली बाई
मिरजेच्या स्टँडवरच उभी.
बस लागत नव्हती.
मी खिडकीतून बघत बसायचे:
रस्त्यावर वाळत घातलेलं नवं भात
आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून
तक्रार न करता जाणारे स्कूटरवाले.

मग एका रात्री साडेआठला वीज गेली.
गावाची नाही. आमचीच.
मॅनेजरबाई मडगावला,
नियमावलीत याविषयी काही नव्हतं.
मेमचाने चिखलाच्या हातानं फोन लावला.
सातू आला सायकलवरून, टॉर्च दातांत धरून,
आणि जिन्याखालचं ते कपाट उघडलं
ज्यात मला वाटायचं झाडू असतील.

आत बोर्ड. चिनीमातीचे जुने फ्यूज,
प्रत्येकाखाली कागदाची चिकटपट्टी,
शाईने, रोमी अक्षरांत, कुणाच्या तरी सावकाश हातानं:
मांय. पाय. जुझे. आवेलिन. सायबीण. क्लारिना.
'पट्ट्यो कोणेंच काडूंक नात,' सातू म्हणाला,
सगळे फ्यूज उपटून खिशात भरत.
'आपापल्या कुडींत वचात. हांव उलो मारतां.'

आम्ही गेलो, जिन्याच्या पायऱ्या मोजत.
खालून हाक आली:
जुझे! लायट आयली?
कोट्टयमचा जिजो, जो जन्मात कधी जुझे नव्हता,
म्हणाला, आली.
आवेलिन!
येस, येस, मेमचा ओरडली.
सायबीण!
प्रिंटर गुरगुरला
आणि त्यानं आपणहून एक कोरा कागद बाहेर टाकला.
क्लारिना!

मी गादीच्या कडेला बसलेली.
दिवा लागला होता. खिळे दिसत होते,
टेबल, टेबलावर ती स्टँडवरची बाई.
शाळेत हजेरीला कधीकधी व्हायचं तसं झालं,
नाव ऐकू येतं
आणि ओ कुणी द्यायची ते कळत नाही.
खालून परत: गे क्लारिना! आयली काय ना?

आले, मी म्हणाले.

आली म्हणायचं होतं, विजेबद्दल.
सातूला काही फरक पडला नाही,
तो पुढच्या फ्यूजकडे वळला होता.
पायचा त्यानं शेवटी बसवला,
हाक न मारता.

दीडशे रुपये घेतले, पावती दिली नाही.
जाताना विचारलं, तू खंयची गे?
मिरज म्हटल्यावर म्हणाला, थंय म्हजो मावळो
दोळ्यांच्या ऑपरेशनाक गेल्लो.
आणि घंटी वाजवत गेला, रिकाम्या रस्त्यावर.

रात्री खिडकी लावताना पाहिलं:
मागे, विहिरीपलीकडे,
जिथे आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं,
एक पिवळा बल्ब पेटलेला.
त्याच्याखाली दगडी बाक. बाकावर काही नाही.
दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून त्याचं बटण शोधलं,
मेमचा तर माळ्यावरही चढली.
सापडलं नाही.
उन्हातही जळत होता.